चांगुणामावशीचे खोके कुणाच्या नावावर?

संजना पगारेला आमच्या कामगार संघटनेच्या बैठकीत बोलायला सांगा, ती मागच्या खुर्चीत सरकते. बिघडलेलं यंत्र हातात द्या, मग बघा! शिक्षण बारावी. बाकीचं एम. जी. रोडवरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दोन वर्षं राबून शिकली. तीन सीझन झाले, ती पिंपळगावकडच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये, कोल्ड स्टोरेजात खोके स्कॅन करते. तिथं प्रत्येक बाईच्या हातात एक स्कॅनर, त्यात तिचा नंबर. जेवढे खोके स्कॅन होतील, तेवढे त्या नंबरावर चढतात.

तिच्या शेजारी पेठकडची चांगुणा. वय पन्नाशीचं. फेब्रुवारीत सुपरवायझर मयूर तिला म्हणाला, "मावशी, तुमचे खोके सगळ्यांच्या निम्मे. शनिवारपासून येऊ नका." सीझन अर्धा बाकी, आणि गावाकडे उन्हाळ्यात हाताला काम नाही. मी संघटनेचं काम बघतो, म्हणून संजना तिला घेऊन माझ्याकडे आली. माझं डोकं तापलंच. दुसऱ्या दिवशी तिघं मिळून पॅकहाऊसात गेलो.

"गरीब बाई दिसली की काढून टाकायची, असं चाललंय का इथं?" मी मयूरवर ओरडलो.

संजनाने माझी बाही ओढली. "दादा, भांडण नंतर. आधी मावशीचं काम बघू द्या."

"बघ की," मयूर म्हणाला. "मशीन खोटं बोलत नसतं."

चांगुणा कामाला लागली. हात झपाझप चालत होता. दुपार होता होता थंडीने बॅटरी मान टाकायला लागली. चांगुणाने ती उपसली, स्वेटरखाली काखेत दाबली, ऊब देऊन परत बसवली.

"आसं केलं का अजून लय टाइम चालतं," ती ऐटीत म्हणाली. "बाकीच्या बाया चार्जिंगला पळतात. मी नाय."

संजना स्क्रीनकडे बघत राहिली. "मावशी, तुमचा नंबर चौदा ना? इथं एक दिसतोय."

मग उलगडलं. मशीन कारखान्यातून येतं तेच 'एक' हा नंबर घेऊन. मयूर रोज सकाळी जिचा तिचा नंबर टाकायचा, पण तो तेवढ्यापुरताच. बॅटरी निघाली की मशीन सगळं विसरून पुन्हा एकवर. बाकीच्या बाया अख्खं मशीनच चार्जरला लावायच्या, त्यांची बॅटरी दिवसात कधी निघायचीच नाही.

"एक नंबर कुणाचा?" मी विचारलं.

"कुणाचाच नाही," मयूरचा आवाज खाली आला. कॉम्प्युटर उघडला, तर मावशीचे महिनाभराचे निम्मे खोके तिथं बेवारस पडलेले. एकूण आकडा जुळत होता, म्हणून कुणी बघितलंच नव्हतं.

संजनाने पासवर्ड मागितला. "तो ऑफिसचा असतो," मयूर पुटपुटला. मी तोंड उघडणार, तोच त्याने स्वतःच टाकला. मशीन चालू होताना जी सेटिंग घेतं, तिथं संजनाने चौदा भरला, सेव्ह केला, बॅटरी उपसली, परत बसवली.

चौदा.

"अजून एकदा काढ," मी म्हणालो.

"दादा, जीव घ्याल बॅटरीचा!" तरी संजनाने काढली. चौदाच.

चांगुणा भिंतीला टेकली. "म्हंजे माझंच चुकलं का गं?"

"नाही मावशी. मशीनला कायमचं लक्षात ठेव म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं."

मी मयूरकडे वळलो. "चुकलं, मावशी," तो म्हणाला. "शनिवारी या. रोजच या."

"आसू दे रं बाबा," चांगुणाने डोळे पुसले आणि स्कॅनर उचलला. "सरक आता. खोके साचलेत."

संजना तोवर पुढच्या बाईचं मशीन उघडून बसली होती. अजून सतरा मशीनं राहिली होती.