पुलाचं माप

चौथीच्या पोरांना मी मोबाइलवर डोंगरातला रेल्वेचा पूल दाखवला, उंची मीटरमध्ये सांगितली. पोरांना अंदाजच येईना. पुढच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "मॅडम, म्हंजे आमच्यासारखे किती?" वर्गात सगळ्यात हुशार तीच, अन् सगळ्यात आगाऊही.

प्रश्न मला फार आवडला. मी सुताची दोरी आणली. अकराही पोरांना भिंतीला टेकवून टाचेपासून डोक्यापर्यंत माप घेतलं, तुकडे कापले, गाठी मारून एकच दोरी केली अन् खिळ्याला टांगली. आधी आपल्या नदीवरचा पूल मोजू, मग डोंगरातल्याचा हिशोब करू, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात चारच पोरं. दुपारी त्या पोरीची आई दारात येऊन उभी राहिली. आत येईना. नजर त्या दोरीवर.

"मॅडम, माह्या पोरीचं माप पुलाले काऊन देऊन राह्यल्या तुमी?"

माझं डोकंच फिरलं. पुलाला मुंडकं लागतं, पोराचं नुसतं माप दिलं तरी पोर जातं, ही हूल मी लहानपणापासून ऐकत आले. कुठं पायवा खणला की आया पोरं घरात कोंडायच्या. पण आम्ही बुद्धविहारात वाढलेली माणसं, अंगारा-गंडा कधी उंबऱ्याच्या आत आला नाही. "अवं, तो पूल कधीचा बांधून झाला! सिमेंट अन् सळाखीवर उभा हाये तो," मी फाडकन बोलले.

तिनं दोरीकडं बोट केलं. "तुमची पोरगी हाये का त्याच्यात?"

नव्हती. माझी लेक आदिलाबादला, इंग्रजी शाळेत.

"मंग माह्या पोरीचं नाव काढून टाका. कापूस वेचाले नेतो तिले."

असली पोरगी अन् कापूस वेचायला! शनिवारी मी लेकीला घेऊन आले. त्या आईसमोर तिचं माप घेतलं, तुकडा दोरीच्या शेवटी जोडला. गाठ दोनदा सुटली. स्वतःचाच राग आला. टोकाला दगड बांधला. आई कबूल झाली, तिच्यामागून बाकीच्याही पोरं घेऊन पुलावर आल्या.

पुलावर भर दुपारी एक गाडी नाही, वारा नाही. मी दगड सोडला. कठड्यावरून एकेक गाठ खाली जाई, पोरं मोजत. नवव्या गाठीला दगड पाण्यात बुडाला. पोरांनी एकच कल्ला केला.

मी दोरी ओढली. येईना. खाली नुसतं गढूळ पाणी. पुन्हा ओढली, तर खालून हिसका बसला. पाण्याची धार असेल, असं मी अजूनही म्हणते. मग दोरी एकदम हलकी झाली.

वर आली तेव्हा अकराच तुकडे होते. माझ्या लेकीचा नव्हता.

कोणी विचारलं नाही कोणाचा गेला. त्या आईनं आधी माझ्या लेकीला कठड्यापासून ओढलं, पोटाशी धरलं. "इकडं राह्य माय," म्हणाली.

गाठ मीच ढिली मारली होती, दगड गाळात रुतला होता, तेच पोरांना सांगितलं. सोमवारी ती पोरगी शाळेत आली, आईनंच पोचवून दिली.

पण शनिवारी घरी पोचल्याबरोबर चप्पल न काढताच मी लेकीला भिंतीला उभं केलं, टेपनं मोजलं. होती तेवढीच होती. तरी म्हणाले, "थांब, हलू नको. आणखी एकदा."