आत्ता की नंतर?

“त्याने विचारलंय ना? मग उत्तर द्यायला नको?”

काकू हे वाक्य इतक्यांदा म्हणत, की इमारतीतल्या पोरांना त्यांची नक्कल करायला दुसरं काही लागत नसे. पदराला हात पुसायचा, मान किंचित तिरकी करायची आणि म्हणायचं, “विचारलंय ना?” काकूंनी एकदा जिन्यात ही नक्कल ऐकली. पोरांना थांबवून त्यांनी सांगितलं, “मान डावीकडे जाते माझी. उजवीकडे नाही.”

मुलुंडची आमची इमारत जुनी, बिनलिफ्टची. काकू तळमजल्यावर आणि मी बरोबर त्यांच्या डोक्यावर. ‘काय काकू, बरं आहे ना?’ हा प्रश्न तुम्ही-आम्ही उत्तरासाठी विचारत नाही. काकूंना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांचं उत्तर डाव्या गुडघ्यापासून सुरू व्हायचं आणि पित्तावरून फिरून रात्रीच्या झोपेपर्यंत यायचं. कामावर निघालेली माणसं त्यांच्या दारावरून मुक्यानेच जात.

एटीएमने ‘आणखी काही व्यवहार करायचा आहे का?’ असं विचारलं, की काकू आधी तोंडाने “नको रे, बास झालं” म्हणत आणि मग बटण दाबत. फोनवर रोज सकाळी कुठून तरी ‘आज पाणी प्यायलात का?’ असा निरोप फिरत यायचा. बाकीचे तो पुढे ढकलत. काकू लिहीत, ‘हो, दोन पेले. कोमट.’ एकदा विम्याच्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला. तुम्ही कधी धूम्रपान केलं आहे का, असं तिने विचारलं. काकूंनी प्रामाणिकपणे सांगितलं, “एकदाच. लग्नाआधी, मामाच्या गच्चीवर. फार खोकला आला.” हे काकांनाही तेव्हाच कळलं. ते समोर पेपर वाचत बसले होते.

काका म्हणजे काकूंचं बरोबर उलटं टोक. त्यांचा शब्द एकच, “नंतर.” सोसायटीचा सेक्रेटरी सही मागायला आला, नंतर. चेंबूरला दिलेली मुलगी राहायला बोलावतेय, नंतर. डॉक्टर म्हणाले, छातीची एक तपासणी करून घ्या, तर त्यालाही नंतर. आवाज मऊ, चेहरा हसरा. समोरच्याला वाटायचं काम झालं, आणि फाटकापाशी पोचल्यावर लक्षात यायचं की काहीच झालेलं नाही.

“सगळ्यांना नंतर,” काकू माझ्या बायकोला सांगत. “मी काय वेगळी? उभा जन्म मी त्यांच्या ‘नंतर’च्या रांगेत काढला.” सांगताना हसत. पण हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की ते नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं उरलं नव्हतं.

काका निवृत्त झाले तेव्हा मुलीने त्यांना होम थिएटर दिलं. डिस्क घालायचा प्लेअर, पाच स्पीकर आणि जमिनीवर ठेवायचा एक दणकट ठोकळा. हे सगळं त्यांच्या एवढ्याशा हॉलमध्ये बसवायचं होतं. एक स्पीकर देव्हाऱ्याशेजारी गेला, आणि सिनेमात मारामारी लागली की समईची ज्योत थरथरायची. एकाच्या डोक्यावर काकूंनी क्रोशाचा रुमाल घालून फुलदाणी ठेवली. या यंत्राला त्या सवत म्हणत. तरी दसऱ्याला मिक्सर, फ्रिज, शिलाई मशीन यांच्याबरोबर सवतीलाही हळदकुंकू, फूल आणि अक्षता मिळत. “आत जातील गं त्या,” काका म्हणायचे. “जाऊ देत, शुभच असतं,” काकू म्हणायच्या.

त्या प्लेअरला एक खोड होती. चालू केला की पडद्यावर आधी पाटी यायची : सॉफ्टवेअर जुनं झालं आहे, इंटरनेटला जोडून अपडेट करायचं का? खाली दोन चौकोन, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. आता काकांनी कुठला दाबला असेल हे मी सांगायला नको. एवढं मनासारखं यंत्र त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं असावं. आणि काकू स्वयंपाकघराच्या दारातून रोज म्हणायच्या, “अहो, विचारतोय ना तो?”

काका गेले ते एका सोमवारी सकाळी. रिक्षातून हॉस्पिटलात नेलं आणि दुपारी परत आणलं. ज्या तपासणीला ते नंतर म्हणाले होते तिची वेळ आलीच नाही.

काही महिन्यांनी काकू वर आमच्याकडे आल्या. बसल्या नाहीत. “अरे, तो रोज विचारतो,” म्हणाल्या.

“कोण काकू?”

“सवत. टीव्हीचं आणि तिचं बटण एकच आहे. मी बातम्या लावायला जाते आणि ती विचारत बसते. मी टीव्हीच बंद करते मग. काय सांगू तिला?”

“नंतर दाबा. जातं ते.”

“नंतर म्हणणारा माणूस गेला,” काकू म्हणाल्या. “आता खरं उत्तर द्यायला हवं. तू ते अपडेट का काय ते करून टाक.”

मी बँकेत नोकरीला. एकदा सोसायटीच्या ऑफिसातला प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केला, आणि तो चालला, तेव्हापासून इमारतीत मी तज्ज्ञ आहे. प्लेअर पाहिला. वायफाय त्याला ठाऊकच नव्हतं. वायर जोडायला मागे एक चौकोनी भोक होतं, आणि काकूंकडे इंटरनेट नव्हतं. तेव्हा वायर माझ्या राउटरपासून खिडकीतून खाली सोडायची ठरली. काकांच्या खणात वायर सापडली. कारखान्यात तिच्याभोवती बांधलेला तारेचा पीळही सोडलेला नव्हता.

आखूड पडली म्हणून मी बाजारातून लांब वायर आणली आणि रविवारी सकाळी काकूंच्या वाळत घातलेल्या परकरांच्या बाजूने खाली सोडली. सेक्रेटरी लगेच अंगणात उभे. “बाहेरून वायर सोडायची नाही असा ठराव आहे, काकू. किती दिवस राहणार ही?” त्यांनी हा प्रश्न विचारायला नको होता. काकूंनी त्यांना खुर्ची दिली आणि उत्तर दिलं. उत्तरात प्लेअर आला, मुलगी आली, काका आले, दोन हजार पाचच्या पुराचं पाणी हॉलमध्ये कुठवर आलं होतं तेही आलं. सेक्रेटरी उठले तोवर मी खाली पोचून वायर प्लेअरपर्यंत नेली होती.

वायर भोकात जाईना. मी उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, फुंकर मारली. शेवटी काकूंनी केसातली पिन काढून दिली. मी ती आत घालून हलक्या हाताने फिरवली आणि एक तांदळाचा दाणा बाहेर पडला. त्याचं कुंकू अजून फिकट लाल होतं.

काकू दाणा तळहातावर घेऊन बघत राहिल्या. “म्हणजे माझ्यामुळे अडलं होतं?”

अक्षतेवर खापर फोडायला हरकत नव्हती, पण खणातला तो न सोडलेला पीळ मी पाहिला होता. “काकू, काकांनी वायर लावून बघितलीच नव्हती कधी.”

“तरीच,” काकू म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं की वाईट, मला कळलं नाही. दाणा त्यांनी देव्हाऱ्यात ठेवला.

वायर टक् करून बसली. पाटी आली, मी ‘आत्ता’ दाबलं. यंत्राने थोडा विचार केला आणि आणखी एक पाटी दाखवली. मी ती मोठ्याने वाचली, कारण काकू बाजूलाच उभ्या होत्या : अपडेट केल्यावर प्लेअरची आठवण पुसली जाईल. कुठली डिस्क कुठे थांबवली होती ते त्याला सांगता येणार नाही. चालेल का?

“त्याला आठवतं कुठे थांबवलं ते?”

“हो. शेवटची डिस्क अजून आतच असेल.”

काकू सोफ्याच्या कडेवर बसल्या. “दाखव.”

मी पाटी मागे घेतली आणि प्ले दाबलं. एकदम पाचही स्पीकर गरजले. समई दचकली. पडद्यावर गोदामातली मारामारी चालू होती. नायकाने ठोसा उगारला होता आणि खलनायक, तो नायकाचा कोण लागतो याच्याशी मला आजही कर्तव्य नाही, डोळे मिटून तो खायच्या तयारीत होता. मी घाईघाईने पॉज केलं.

“हे काय,” काकू म्हणाल्या. “इथे थांबले? निदान ठोसा तरी बघायचा.”

मी हसलो. काकू हसल्या नाहीत. त्यांची मान डावीकडे गेली आणि तशीच राहिली.

“रविवार होता,” त्या म्हणाल्या. “बिरड्यांची उसळ केली होती. मी आतून हाक मारली, पानं घेतली म्हणून. हा दणदणाट चालला होता, मला वाटलं ऐकू जाणार नाही. पण मी वळले तर हे हात धुवून पाटावर. मी म्हटलं, संपू दे की तुमचं ते. तर म्हणाले, ते नंतर.”

पडद्यावर ठोसा हवेत होता.

“म्हणजे मला नाही म्हणाले,” काकू म्हणाल्या. “त्याला म्हणाले.”

मग त्यांनी रिमोट मागितला. तो त्यांनी आधी कधी हातात घेतलेला मी पाहिला नव्हता. मी डिस्क थांबवली, पाटी परत आणली. “नंतर कुठलं?” त्यांनी विचारलं, आणि चष्मा वर करून, बोटाने चौकोन नीट शोधून दाबलं. पाटी गेली.

“उद्या परत विचारेल तो, काकू.”

“विचारू दे. मी आहे इथेच.”

वायर मी गुंडाळली. सेक्रेटरींना ठराव पाळला गेल्याचं समाधान मिळालं.

त्यानंतर दरवर्षी काकांच्या श्राद्धाला काकू मला खाली बोलवत. पान वाढून झालं, की मी प्लेअर लावायचा, ती जागा काढायची, दाखवायची आणि थांबवायची. अडचण एवढीच होती की थांबवेपर्यंत सिनेमा थोडा पुढे सरकायचा आणि यंत्र नवी जागा लक्षात ठेवायचं. पहिल्या वर्षी कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या वर्षी काकू म्हणाल्या, “हात जरा पुढे आलाय.” तिसऱ्या वर्षी म्हणाल्या, “बोट जड झालंय तुझं. बँकेत बसून बसून.” बँकेत माझ्या सहीने लोकांची कर्जं अडत, पण एका माणसाचा जबडा माझ्या अंगठ्यावर अवलंबून आहे असं दडपण मला तिथे कधी आलं नाही. श्राद्धाच्या आधी मी घरी आमच्या रिमोटवर सराव करायचो. बायको दारातून बघायची.

बाकी काकू बदलल्या नाहीत. एटीएमशी बोलत राहिल्या, पाण्याचे पेले कळवत राहिल्या. फक्त ‘उभा जन्म रांगेत काढला’ हे मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

गेल्या श्रावणात काकू गेल्या. मुलगी चेंबूरहून घर आवरायला आली. फुलदाणी तिने घेतली, क्रोशाचा रुमाल घेतला. प्लेअरपाशी थांबून तिने मला विचारलं, “दादा, हा चालतो का अजून?”

“चालतो. अपडेट करायचा राहिलाय.”

“मग तुम्हीच न्या. माझ्याकडे कोण बघणार डिस्क?”

तो आता आमच्या हॉलमध्ये आहे, राउटरपासून हातभर अंतरावर. वायर लावायला मला पाच मिनिटंही लागणार नाहीत. काल दुपारी मी तो चालू केला. पाटी आली, मी ‘नंतर’ दाबलं. मग डिस्क लावली. मूठ आता अगदी नाकाजवळ आली आहे. आणखी एकदा बोट चुकलं की लागेल.

आतून बायकोने हाक मारली, “अहो, पानं घेतली.”

एरवी मी “आलो, आलो” म्हणत आणखी दहा मिनिटं बसतो. काल मी बटण दाबलं, उठलो आणि हात धुवायला गेलो.