डोंगरापलीकडची उचकी

लोक प्रवासवर्णनं लिहितात ती काश्मीरची, नाहीतर युरोपची. माझं आहे मुलुंड ते बोरिवली, आणि तेही बसने. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आधीच हसून घ्यावं. पंच्याऐंशी सालच्या मे महिन्यात, वयाच्या सोळाव्या वर्षी, मला हा प्रवास हिमालयाहून अवघड होता.

मुलुंडला आमच्या गच्चीवरून पश्चिमेला डोंगर दिसतो. त्याच्या मागे बोरिवली, आणि तिथे आमची शोभामावशी. मधे सगळं जंगल. त्यामुळे आधी खाली घाटकोपरला यायचं, तिथून आडवं अंधेरीला जायचं आणि मग पुन्हा वर चढायचं. माझी मोठी बहीण नलू म्हणायची, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." दर मे महिन्यात ती एकटी मावशीकडे जायची आणि येताना करवंदं आणायची. संध्याकाळी सूर्य डोंगराआड गेला की म्हणायची, "गेला बघ मावशीकडे चहाला." तुझा दहावीचा निकाल लागला की तुला नेते, डोंगराची पाठ दाखवते, असं तिने कबूल केलं होतं. माझा निकाल जूनमध्ये लागला, आणि त्याच श्रावणात नलू काविळीने गेली. वीस वर्षांची होती.

त्यानंतर मला 'ते' व्हायला लागलं. आता त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. तेव्हा अटॅक हा शब्द फक्त हृदयासाठी राखून ठेवलेला होता, आणि तोही पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांसाठी. आधी बोटं गार पडायची. मग श्वास आत जायचा आणि तिथेच अडकायचा, घशातून 'हिक्' असा आवाज यायचा, आणि मी आता मरणार याची माझी खात्री पटायची. शेजारच्या काकू म्हणाल्या उष्णता आहे, म्हणून गुलकंद झाला. कुणी म्हणालं दृष्ट, म्हणून मीठमोहऱ्या झाल्या. एकदा जेवताना बाबांच्या तोंडून नलूचं नाव निघालं आणि नेमकं तेव्हाच मला 'ते' झालं. त्या दिवसापासून घरात तिचं नाव बंद झालं. कोणी ठरवलं नव्हतं, पण सगळे पाळायला लागले. "ती असताना" असंसुद्धा कोणी म्हणेना. मला वाचवण्यासाठीच होतं ते सगळं, पण त्यामुळे नलू घरातून दुसऱ्यांदा गेली.

कॉलेज दिवाळीआधीच सुटलं. मे महिन्यात बाबा म्हणाले, "एकटी बोरिवलीला जाऊन ये. जमलं तर जूनमध्ये परत कॉलेज. नाहीतर वर्षभर गावी काकांकडे राहा, हवापालट होईल." मला गावी जायचं नव्हतं. माझ्या शेजारच्या उशीला अजून नलूच्या तेलाचा वास होता. ती उशी सोडून मी कुठेही जाणार नव्हते. म्हणून बोरिवली.

बाबा स्टॉपपर्यंत आले. मी "येते" म्हटलं. त्यांनी माझ्या पिशवीचं बक्कल लावून दिलं.

गाडीने दादरला जाऊन बदलता आलं असतं, पण दोन स्टेशनांच्या मधे उतरता येत नाही, या विचारानेच माझी बोटं गार पडायची. बस बरी, ती हाका मारून थांबवता तरी येते. आग्रा रोडने (लाल बहादूर शास्त्री मार्ग हे नाव पाटीवर होतं, तोंडात आग्रा रोडच) भांडुप गेलं, विक्रोळीच्या कारखान्यांच्या लांबच लांब भिंती गेल्या. खिडकीतून उजवीकडे डोंगर सोबत होता, मग तोही मागे पडला. घाटकोपरला उतरले तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं. ते फार टिकलं नाही. अंधेरीची बस आली, आणि पाय उचलेचना. ती गेली. दुसरी आली, तीही गेली. स्टॉपवरचे एक आजोबा म्हणाले, "बाळा, तुला जायचंय कुठे नक्की?" मी म्हटलं, "अंधेरीला." ते म्हणाले, "मग बसमध्ये बसावं लागेल ना!" पुढच्या बसमध्ये मी त्यांच्या मागोमाग चढले.

आत एक जाडजूड बाई दोघांच्या सीटवर बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी खिडकीकडे गोणपाटात बांधलेला भलाथोरला फणस. सगळी बस घमघमत होती. कंडक्टर त्यांच्याशी हुज्जत घालत होता.

"मावशी, हा फणस आहे की पॅसेंजर? तिकीट फाडू का याचं?"

"फाड, पण खिडकी सोडूचो नाय तो. कणकवलीसून उभो इलोहा." (उभाच आलाय.)

बस हसली. बाईंनी फणस पायाशी घेतला आणि मला हाताला धरून शेजारी बसवलं. "खंय चललंस गो?" (कुठे चाललीस?) मी बोरिवली म्हटलं. त्यासुद्धा बोरिवलीलाच, लेकीकडे निघाल्या होत्या.

साकीनाक्याला वाट लागली. पुढे ट्रक आडवा झालेला, मागे टेम्पो चिकटलेला, बस जागची हलेना. उन्हाने पत्रा तापला. आणि माझी बोटं गार पडली. मी खिडकीची दांडी घट्ट धरली. श्वास आत गेला, अडकला. हिक्. पुन्हा हिक्. उतरायलाही वाट नव्हती. मनात आलं, संपलं. आता गाव, आता काका, आता ती उशी नाही.

बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि त्यांचा साफ गैरसमज झाला.

"उचकी लागली गो तुका!" त्या खुशीत येऊन म्हणाल्या. "कोणीतरी याद काढता तुजी. नाव घे एकेकाचा. खऱ्या माणसाचा नाव इला काय थांबतली. (आलं की थांबेल.)"

ही उचकी नाही, हे सांगायलाही माझ्याकडे श्वास नव्हता. त्या माझी पाठ चोळत राहिल्या. "घे गो, नाव घे. आवशीचा घे."

"आई," मी म्हटलं. हिक्.

"ता न्हय. (ते नव्हे.) दुसरा घे."

"बाबा." हिक्. "शोभामावशी." हिक्. शाळेतल्या मैत्रिणीचं घेतलं, शेजारच्या काकूंचंही घेतलं. प्रत्येक नावानंतर त्या पंचासारख्या माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि मान हलवायच्या. "कोणाक तरी विसारलंस तू."

विसरले नव्हते. तेवढं एकच तर विसरले नव्हते.

"नलू," मी म्हटलं.

आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. कंडक्टरने वळून पाहिलं. "कोण नलू? उतरायचंय का तिला?"

श्वास काही लगेच जागेवर आला नाही. पण जो अडकला होता तो बाहेर पडला, आणि त्याच्याबरोबर रडू. श्रावणापासून मी घाबरत होते, रडले नव्हते. नलू, नलू, मी म्हणत गेले, आणि दर वेळी थोडी हवा आत येत गेली.

"कोण गो ती?" बाईंनी विचारलं.

"बहीण."

"खंय आसता?"

"नाहीये आता. वारली."

मला वाटलं, आता या तोंड पाडतील, चुकचुकतील आणि विषय बदलतील, सगळे करायचे तसं. त्यांनी पाठीवरचा हात तसाच ठेवला. "मगे तीच. तिका आता दुसरा काय काम आसा?"

ट्रक हलला. बसला वारा लागला.

अंधेरीला आम्ही दोघी स्टेशनबाहेर उसाचा रस प्यायलो. पुढच्या बसमध्ये बाईंनी मला नलूबद्दल विचारून विचारून भंडावून सोडलं. काळी की गोरी, स्वयंपाक करायची का, भांडायची का. मी सांगितलं, वेण्या घालताना केस ओढायची, झोपेत सगळं पांघरूण घ्यायची, आणि गाणं म्हणायला लागली की शेजारी दार लावून घ्यायचे. गोरेगाव, मालाड, कांदिवली कधी गेली ते कळलं नाही. त्यांनी माझं नाव मात्र विचारलंच नाही. बोरिवलीला मी फणस त्यांच्या डोक्यावर चढवून दिला तेव्हा "येतंय गो" म्हणाल्या आणि गर्दीत शिरल्या. बराच वेळ नुसता फणस दिसत होता.

मावशीकडे आमरस होता. जेवताना ती म्हणाली, "तुम्हा दोघींना..." आणि थांबली, घाईघाईने वाटी भरायला लागली. मी म्हटलं, "नलूला पातळ आवडायचा. मला घट्टच दे." मावशीने पदराने डोळे पुसले आणि मला घट्ट रस वाढला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गॅलरीत गेले. समोर पूर्वेला डोंगर. आमचाच, पण उलटा. घरून उतार डावीकडे दिसतो, इथे उजवीकडे. त्याच्यामागे हळूहळू उजाडत गेलं आणि सूर्य वर आला. आत्ताच मुलुंडच्या आमच्या गच्चीवरून निघून आलेला. आपल्याकडे मावळतो तो इथे येतो, असं नलूने सांगितलं होतं. इथून तर तो आपल्याकडून उगवतो, हे सांगायचं राहिलं तिचं, की तिने माझ्यासाठी ठेवलं होतं, कोण जाणे. ती शेजारी हवी होती. कठड्यावर कोपर टेकून, जांभया देत, "बघ, सांगितलं नव्हतं?" म्हणायला हवी होती. इतकी हवी होती की बोटं गार पडली. मी तिचं नाव घेतलं आणि सूर्य पुरता वर येईपर्यंत तिथेच उभी राहिले.

परत निघताना स्टेशनजवळ जंगलातल्या बायका पळसाच्या पानांच्या द्रोणांतून करवंदं विकत होत्या. मी घेतली. परतीच्या वाटेवर 'ते' दोनदा आलं, एकदा अंधेरीला आणि एकदा भांडुपला, घर अगदी जवळ आलेलं असताना. मी दोन्ही वेळा नाव घेत राहिले, आणि दोन्ही वेळा पोचले. पुढेही कित्येक वर्षं ते येत राहिलं. कॉलेजात आलं, परीक्षेत आलं, माझ्या लग्नातसुद्धा आलं. पण आता 'कोण आठवण काढतंय?' असं त्याला विचारायचं, हे मला कळलं होतं.

त्या संध्याकाळी आई करवंदं खात होती. चीक लागून तिची बोटं चिकट झाली होती. बाबा माझ्याकडे बघून नुसतेच हसत होते, जून महिना पक्का झाला होता. आणि खाता खाता आईला उचकी लागली. खरीखुरी उचकी.

"पाणी पी," बाबा म्हणाले.

आई पाणी प्यायली. थांबेना. "शोभा आठवण काढत असेल," ती म्हणाली. हिक्. "नाहीतर गावचे भाऊजी." हिक्.

"ते नव्हे," मी म्हटलं. "दुसरं घे."

बाबांचं हसू गेलं. त्यांनी भीतीने माझ्या बोटांकडे पाहिलं. मी हात पुढे करून दाखवले. गार नव्हते, नुसते करवंदांनी जांभळे झाले होते.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू, कोणी झोपलेलं उठेल अशा बेताने म्हणाली, "नलू."

उचकी तिथेच थांबली. आई मात्र कितीतरी वेळ नाव घेत राहिली.