सरांची खुर्ची

रिकाम्या खुर्चीपुढे वाफाळता चहा दिसला, की हल्ली मी उभाच राहतो.

आमच्या गावात आयर्लंडचा इतिहास आणि संस्कृती अभ्यासणारं एक मंडळ आहे. तिकडची एक रीत ते हौसेनं पाळतात. हिवाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी गेलेल्या माणसासाठी खुर्ची मांडायची आणि तिच्याकडे न बघता त्याच्याशी बोलायचं. यंदाची खुर्ची मंडळ काढणाऱ्या सरांची होती. मी नवा सभासद, मला हे ठाऊक नव्हतं. उशिरा पोचलो, मेणबत्तीच्या उजेडात मोकळी खुर्ची दिसली, बसलो आणि कपही उचलला.

सगळे माना खाली घालून होते. सरांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "अहो, गुडघा कसा आहे आता?"

"बरा आहे," मी सवयीनं म्हणालो.

कुणीच वर पाहिलं नाही. काकूंनी डोळे पुसले. "मग झालं. तेवढीच काळजी होती."

तेवढ्यात भिंतीवरचा हार घातलेला फोटो दिसला. उठलो असतो, तर काकूंना मिळालेलं उत्तर हिरावलं गेलं असतं. पितृपक्षात आपणही पान मांडून कावळ्याची वाट बघतोच. आलेला कावळा कुठला, हे कोण विचारतं?

माझे गुडघे ठणठणीत आहेत. त्या संध्याकाळी जिना उतरताना मात्र कठडा धरावा लागला.