गणित की एसपी

अकरावी कॉमर्सला आमच्याकडे दोन वाटा असतात. गणित घ्या, नाहीतर चिटणिसाची कार्यपद्धती, म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस, एसपी. मी सोलापुरात एसपी शिकवते. वर्ग भरला नाही तर माझं पद अतिरिक्त ठरतं आणि जिल्ह्यात कुठेही पाठवतात. त्या वर्षी प्रवेशाच्या टेबलावर बसले तेव्हा माझा वर्ग निम्मा रिकामा होता.

कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीहून एक मुलगी वडिलांबरोबर आली. दहावीला गणितात चौऱ्याण्णव. शेजारी बसलेले गणिताचे सर गुणपत्रिका बघून खूश झाले.

"म्याडम, कंचा विषय घ्यावा? आमाला त्यातलं कळत न्हाय," वडील म्हणाले.

"गणितानं बारावीचे टक्के घसरतात. एसपी पाठ केली की मार्क हातात."

"चौऱ्याण्णव आहेत, मॅडम," सर हळूच म्हणाले.

"तुमचा वर्ग भरलाय की, सर."

बापलेक कानडीत थोडं बोलले. मुलीला गणित हवं होतं, एवढं चेहऱ्यावरून कळलं. वडील म्हणाले, "तुमी म्हंताय म्हंजे बरोबरच आसंल." मी फॉर्मवर एसपीपुढे खूण केली.

खोटं बोलले नव्हते. बहुतेकांना पुढे बीकॉमच करायचं असतं, त्यांचं गणितावाचून काही अडत नाही. पण मोजक्या जागांच्या काही कॉलेजांत अर्थशास्त्राला आधी बारावीचं गणित बघतात, टक्के नंतर. हे मला ठाऊक होतं. तिला पुढे काय करायचंय, ते मी विचारलं नाही.

बारावीला ती एसपीत कॉलेजात पहिली आली. आठवड्याभरात मोबाइल घेऊन स्टाफरूममध्ये हजर. पुण्याच्या एका कॉलेजचा अर्थशास्त्राचा फॉर्म भरत होती. 'बारावीला गणित' यापुढे 'नाही' दिलं की पुढचं पान उघडेना. मी तिथल्या ऑफिसात फोन लावला. टक्के कितीही असोत, गणित नसेल तर अर्ज घेत नाही, असं उत्तर मिळालं.

सरांनी उपाय सुचवला. वर्षभर अभ्यास करून बाहेरून एकट्या गणिताची परीक्षा द्यायची. मी तिच्या वडिलांना फोन करून सांगितलं.

"वरीसभर घरी बसवून ठिवू? नको म्याडम. बीकॉम करू दे की तितंच."

मुलगी समोर उभी राहून ऐकत होती.

"अकरावीला तुम्हाला माहीत होतं का, मॅडम?"

"होतं."

"मग सांगायचं की."

वर्ग भरायचा होता, हे तेव्हाही मी तिला सांगितलं नाही. सरांनी कपाटातून गणिताची दोन पुस्तकं काढली, घरी बघत जा म्हणाले.

"आता कशाला, सर?" ती म्हणाली आणि बीकॉमचा फॉर्म कुठल्या खिडकीवर मिळतो ते त्यांनाच विचारून खाली गेली.