शार्कसाठी गोळी

“कशासाठी हवी ताई? पूजा की लग्न?” मेडिकलवाल्याने विचारलं.

त्याचं काही चुकलं नव्हतं. सातपूरला आमच्या कॉलनीच्या तोंडाशीच त्याचं दुकान आहे, आणि पाळी पुढे ढकलायची गोळी तो वर्षानुवर्षं विकतो आहे. श्रावणात विकतो, लग्नसराईत विकतो, गौरींच्या आधी तर विचारूच नका. बायका येतात, काउंटरवर वाकतात, हळूच मागतात, आणि तो ते पाकीट कागदात असं गुंडाळतो की बघणाऱ्याला वाटावं चोरीचा माल आहे. मीही वाकले होते. मीही हळूच मागितली होती. पण पूजा की लग्न, या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती आणि मला खोटं पटकन सुचत नाही.

“शार्कसाठी,” मी म्हणाले.

तो कागद गुंडाळता गुंडाळता थांबला. “हा कुठला सण?”

मी पाकीट घेतलं आणि निघाले. वय एकेचाळीस, नोकरी कारखान्यात, खातं क्वालिटीचं. दिवसभर मी लोकांनी केलेल्या कामातल्या चुका शोधते. आणि आज पर्समध्ये एका माशाच्या भीतीने घेतलेली गोळी. घरी पोचेपर्यंत मला स्वतःचाच राग आला होता.

झालं होतं ते असं. पाच वर्षांपूर्वी मी गंगापूर धरणावर कयाक, म्हणजे वल्ह्याची निमुळती होडी, शिकायला लागले. रविवारी पहाटे उठायचं, स्कूटर काढायची, धरणाच्या फुगवट्यावर जाऊन दोन तास वल्हवायचं. लोक विचारतात यातून मिळतं काय. पाण्यावर गेल्यावर मला कोणी हाक मारत नाही, हे मिळतं. शिवाय मी त्यात चांगली आहे. हे लिहायला मला अजिबात संकोच वाटत नाही. दोघींच्या कयाकमध्ये पुढे बसणारीने लय धरायची असते आणि मागचीने दिशा सांभाळायची असते. पुढची जागा माझी. मागे माझी जोडीदारीण, शाळेत शिक्षिका, दिंडोरीकडच्या शेतकरी घरातली सून, तोंडाने माझ्या दुप्पट बोलणारी.

या जानेवारीत मालवणकडे समुद्रावर शर्यत होती. पाच किलोमीटर, दोघींची कयाक. आमच्या क्लबातून महिलांची एकच जोडी जाणार होती आणि आठ महिन्यांच्या घामानंतर ती आमची ठरली. मला ती शर्यत हवी होती. शाळेत कधी पळायच्या शर्यतीत मला कोणी घेतलं नव्हतं, कॉलेजात खेळायला वेळ नव्हता, नंतर वय नव्हतं. ही एकच होती.

मग आम्हाला शिकवणाऱ्या सरांचा मेसेज आला, क्लबच्या ग्रुपवर. समुद्रात शार्क असतात, रक्ताच्या वासाने ते लांबून येतात, तरी ज्या महिलांची तारीख त्या दिवसांत येत असेल त्यांनी आधी कळवावे, म्हणजे राखीव खेळाडू तयार ठेवता येईल. सुरक्षितता सर्वांत महत्त्वाची. खाली जोडलेले हात.

सर वाईट माणूस नाहीत. पाण्यात उलटल्यावर न घाबरता परत बोटीत कसं चढायचं हे त्यांनीच मला शिकवलं, आणि शिकवताना एकदाही आवाज चढवला नाही. धरणातला खडक न् खडक त्यांना पाठ आहे. समुद्र मात्र त्यांनी आमच्याइतकाच पाहिलाय, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून, हातात भेळ घेऊन. हा मेसेज त्यांना कोणीतरी पाठवला असणार, त्यांनी तो काळजीने पुढे ढकलला. आणि ग्रुपवरच्या आम्ही नऊ बायकांनी काय केलं? अंगठे टाकले. मीसुद्धा टाकला. अजून लाज वाटते.

माझी पाळी कारखान्याच्या भोंग्यासारखी वेळेवर येते. मी बोटांवर मोजून पाहिलं, एक दिवस इकडे की तिकडे, पण येणार शर्यतीवरच. सांगितलं तर जागा राखीव मुलीला जाणार. नाही सांगितलं तर खोटं बोलून समुद्रात उतरायचं.

“त्यात काय एवढं!” जोडीदारीण म्हणाली. आम्ही दोघी कयाक डोक्यावर घेऊन काठावर येत होतो. “गोळी घे की. मी दर गौरीला घेते. सत्यनारायणाला घेते. दिराच्या लग्नात घेतली. देवाला चालते तर शार्कला का नाही चालणार?”

ती गंमत करत नव्हती. मलाही तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं.

वडील गेल्यापासून घरात मी आणि आई. आमचं घर बौद्ध. भिंतीवर बाबासाहेब आणि तथागत, गौरी नाही, सत्यनारायण नाही, त्यामुळे त्या गोळीचा आणि आमच्या घराचा कधी संबंध आला नव्हता. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा शेजारच्या मुली कोपऱ्यात बसायच्या. आईने मला जेवायला वाढलं, पोट दुखतंय का विचारलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवलं. विटाळ हा शब्द आमच्या घरात बोलायचा नाही, हा तिचा नियम. शिव्या एकवेळ चालतील, हा शब्द नाही.

पाकीट मी टेबलावर ठेवलं होतं. आईने चष्मा लावला, उलटसुलट करून पाहिलं.

“काय गं हे?”

मी सांगितलं. मेसेज, शार्क, राखीव मुलगी, सगळं. सांगताना हसायचा प्रयत्न केला. ती हसली नाही.

“म्हंजे त्या माशाला बी विटाळ व्हतो का?” ती म्हणाली.

चाळीस वर्षांत तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मग ती बोलली. तिचं माहेर नांदगाव तालुक्यातलं. लहानपणी सकाळी हंडा घेऊन ती विहिरीपाशी जायची आणि विहिरीपासून लांब उभी राहायची. जवळ जायची सोय नव्हती. पाणी भरायला आलेल्या एखाद्या बाईला दया आली तर ती वरून हंड्यात पाणी ओतायची. नाही आली तर नाही. ऊन डोक्यावर यायचं, शाळा भरून सुटायची, ही उभीच. दोन पावलं पुढे सरकली की आवाज यायचा, ए, लांब हो. हे मला थोडं थोडं माहीत होतं. पण त्या दिवशी ती जे पुढे म्हणाली ते नवीन होतं.

“मला लय वाटायचं, एकदा आत वाकून बघावं. किती पाणी हाय, कसं दिसतंय. गाव सोडलं तरी ती हीर काही मी आतून पाहिली नाय.” तिने पाकीट माझ्याकडे सरकवलं. “आम्हाला माणसांनी लांब केलं. तू माशाच्या नावानं आपली आपण लांब होतीयेस. घे गोळी, नाय तर नको घेऊ. तुझं तू बघ.”

आणि ती भाजी निवडायला बसली. मला तिथे एक सणसणीत मारली असती तरी कमी लागली असती.

मग मी कारखान्यात करते तेच केलं. आमच्या खात्यात ‘असं म्हणतात’ यावर माल परत पाठवत नाहीत. माप तपासायचा गेज लावायचा, बसला तर पास, नाही तर नापास. आठवडाभर मी वाचलं, कारखान्यात येणाऱ्या डॉक्टरबाईंना विचारलं. निघालं ते एवढंच: पाळीतल्या बाईला शार्क शोधत येतो याला पुरावा कोणाकडेच नाही. पाळीत जाणारं रक्त दोन-तीन मोठे चमचे, तेही दिवसांत वाटून, पाण्यात असताना तर आणखी कमी. शार्कला वास येतो, खोटं नाही, पण त्याला गोडी माशांची. जगभर बायका पाळीत पोहतात, बुड्या मारतात, लाटांवर चढतात आणि घरी येऊन जेवतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, गोळी घ्यायचीच असेल तर स्वतःच्या सोयीसाठी घे, माशाच्या नको. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ना, तसं आमच्या क्लबाचं चाललं होतं. शार्क कोणी बघितला नव्हता आणि जागा माझी जाणार होती.

आणखी एक गोष्ट मला खटकली. पूर्वी बायकांना कावळा शिवायचा. आता शार्क हुंगतो. बाईच्या पाळीशी या जनावरांचं इतकं काय वाकडं आहे?

गोळी मी घेतली नाही. पण सरांनाही सांगितलं नाही. तेवढं धैर्य अजून जमा व्हायचं होतं.

शर्यतीच्या आदल्या सकाळी आम्ही मालवणकडे पोचलो आणि पाळी आली, एक दिवस आधीच. दुपारी एका घरगुती खानावळीत जेवायला बसलो. सर, आम्ही दोघी आणि राखीव मुलगी. खानावळ चालवणारी काकू नवऱ्याने होडीतून आणलेले मासे रांधायची. लालभडक रस्सा, त्यात जाड तुकडे, काटा जवळपास नाहीच. आम्ही नाशिकची माणसं, माशाच्या काट्याला भिणारी. सर तर खूश झाले. दोनदा रस्सा मागून घेतला, तिसऱ्यांदा वाटी पुढे करत म्हणाले, “काकू, हा मासा कुठला? आमच्याकडे मिळत नाही असा.”

“ही मोरी,” काकू म्हणाली. “तुमी शार्क म्हणतास ना, तेची जात. बाळंतिणीक मुद्दाम घालतंव आमी. दूध येता.”

सरांचा हात वाटीसकट हवेत राहिला.

मला हसू इतकं आलं की ठसका लागला. आणि ठसका गेला तेव्हा भीतीही गेली होती. “सर,” मी म्हणाले, आवाज न दाबता, “माझी पाळी सकाळी आली आहे. उद्या मी पाण्यात उतरणार आहे.”

“हळू बोला,” सर म्हणाले. शेजारच्या टेबलावरची माणसं खरंच बघत होती.

“का हळू? तुम्ही ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारलं होतं. मी सगळ्यांसमोर सांगते आहे.”

“अहो, मी तुमच्या काळजीनेच...”

“माहीत आहे. पण सर, आत्ता ताटात कोण आहे आणि खातंय कोण, तेवढं बघा.”

जोडीदारणीने पदर तोंडाला लावला. काकूला भांडण कशावरून आहे ते कळल्यावर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “मोरी बायलमाणसाक शोधत येता? माका तरी म्हायत नाय,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “आमच्या होडीक मात्र त्या दिवसांत हात लावूक नाय हां. ता देवाचा.”

झालं! म्हणजे शार्क बिचारा नुसता निमित्ताला. दुखणं तेच, जुनं, नांदगावच्या विहिरीवरचं. मी सरांना तसंच सांगितलं, आईची विहीरही सांगितली, आणि म्हणाले की मला बोटीतून उतरवायचं असेल तर माझं वल्हवणं कमी पडलं म्हणून उतरवा, दुसरं कारण मी ऐकणार नाही. राखीव मुलगी हळूच म्हणाली, “सर, माझी तारीख पण उद्याचीच होती. मी गोळी घेतलीय.”

सरांनी वाटी खाली ठेवली. “सकाळी सहाला किनाऱ्यावर,” ते म्हणाले. “दोघी. पुढे तुम्हीच.” मग त्यांनी फोन काढून ग्रुपवरचा तो मेसेज शोधायला सुरुवात केली. पुसायचा होता, पण इतक्या दिवसांनी पुसता येईना.

शर्यतीचं फार सांगण्यासारखं नाही. धरणाचं पाणी सरळ असतं, समुद्र बोटीला खालून ढुशा देतो. पहिल्या किलोमीटरला मला वाटलं आपण उगाच मोठ्या गप्पा मारल्या. पाळीचा कप आत बसवला होता, त्यामुळे तो काही त्रास नव्हता. त्रास खांद्यांचा होता. वळणाच्या पिवळ्या फुग्यापाशी लाट आडवी आली आणि आम्ही दोघी उलटलो. पाण्यात पडल्या पडल्या जोडीदारीण ओरडली, “शार्क!”

“कुठाय?”

“नाहीये गं, आठवला फक्त!”

पोटाखाली हिरवं, खोल, तळ न दिसणारं पाणी होतं. भीती वाटली, नाही कशाला म्हणू. पण ती बुडण्याची साधी, सरळ भीती होती, लाज नव्हती तिच्यात. सरांनी शिकवलं तसं बोट सुलटी केली, चढलो, लय धरली. अकरा जोड्यांत सातव्या आलो. सर गुडघाभर पाण्यात येऊन उभे होते, बोट धरायला. “उलटल्यावर फार छान चढलात,” एवढंच म्हणाले. जोडीदारीण वाळूत आडवी झाली आणि म्हणाली, “शार्कचं भय गेलं बाई. आता सासूबाईंचं बघायचं.”

मी आईला फोन लावला. तिने समुद्र कधी बघितलेला नाही. म्हणून मी सांगायला लागले, रंग कसा, लाट कशी, पाणी किती, की तिने मला मध्येच तोडलं.

“पाण्यात किती वेळ व्हतीस?”

“पाऊण तास.”

“कोणी म्हणलं का, लांब हो?”

“नाही आई. कोणीच नाही.”

मग म्हणाली, “मंग एवढ्यात भाईर कशाला आलीस?”

मी फोन जोडीदारणीच्या हातात दिला आणि परत पाण्यात गेले.