सुरुवात तर तीच होती

जावा बेटावरच्या सोलोच्या आमच्या रेडिओ केंद्रावर पा तुगिरान निवेदक होते आणि त्यांची बायको न्यी मुर्सिनाह गायिका. रोज संध्याकाळी गामेलान वाद्यवृंदाचा कार्यक्रम. पा वार सांगत, जोडीला आमच्या पाच दिवसांच्या बाजार-आठवड्यातला बाजारवारही: 'आज बुधवार-पोन.' मग मोठी गाँग वाजे, वाद्यं संथपणे सुरू होत आणि पा कॉफी प्यायला बाहेर पडत. गायिकेचा सूर बऱ्याच वेळानं लागतो. तोवर त्यांचं दुसरं सोयाबीनचं टेंपे-भजं चाललेलं असे.

"पा, बायको गातेय आत," कँटीनवाली म्हणे.

"घरी काय कमी ऐकतो?"

पुढे मुर्सिनाहच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली, तिच्याबरोबर आवाजही गेला. उरली ती कुजबूज. तिच्या जागी यायुक नावाची मुलगी आली. मुर्सिनाहचा आवाज आता केंद्राच्या संग्रहात तेवढा होता. तो एकदा ऐकायचा, आपल्या जन्मवारी, म्हणजे बुधवार-पोनलाच, असं तिनं ठरवलं होतं.

संग्रह सांभाळायला निवृत्त पा तुगिरानच होते. कॅसेटींना बुरशी लागली म्हणून ती गात होती तेव्हाच त्यांनी सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि कॅसेटी फेकून दिल्या. प्रत्येक कॅसेटला एक फोल्डर, आत फाइलचं नाव वारावरून. पुढचे कार्यक्रमही थेट कॉम्प्युटरवर तसेच जमा होत गेले. वर्ष लिहिलं नाही. बाजारवारासकट वार सांगितला की माणसाला आणखी काय हवं, हे आमच्याकडे कुणीही मान्य करील. तो वार पस्तीस दिवसांनी पुन्हा येतो, हे तर पोरालाही ठाऊक असतं; म्हणूनच कुणी ते बोलून दाखवत नाही.

प्रत्येक नव्या साहेबानं आल्या आल्या संग्रहाची नवी प्रत काढली होती. डिस्क भरल्या. बू हेस्ती, सध्याच्या साहेब, म्हणाल्या, "पा, वरचे लोक शुक्रवारी येतायत. जागा करा."

त्यांनी फोल्डर ताडून बघणारं सॉफ्टवेअर आणून दिलं. ते विचारत होतं: फाइली नावावरून ताडू, की आतल्या मजकुरावरून? मजकुराला आठवडा लागणार होता. पांनी नाव निवडलं. पडदा डुप्लिकेटनी भरून गेला.

"बघा, साहेबांनी केलेला कचरा," पा मला म्हणाले.

मी म्हटलं, "एखादी जोडी ऐकून तरी बघा."

त्यांनी ऐकली. दोन्हीकडे त्यांचाच आवाज, 'आज बुधवार-पोन', तीच गाँग, तीच वाद्यं. पांनी हेडफोन उतरवला. "तेच आहे." नवी फाइल ठेवायची, जुन्या पुसायच्या, असं त्यांनी सॉफ्टवेअरला सांगितलं आणि कचरापेटीही रिकामी केली.

पस्तीस फाइली उरल्या. पंचांग पूर्ण होतं. शुक्रवारी वरच्या लोकांनी पांच्या खांद्यावर बाटिकचं उपरणं घातलं.

पुढच्या बुधवार-पोनला मुर्सिनाह केंद्रात आली. नवा केबाया घातला होता, अंबाडा घातला होता. पांनी फाइल लावली. निवेदन झालं, गाँग झाली. पा सवयीनं उठले, तिनं हात धरून बसवलं. वाद्यं बराच वेळ चालली आणि मग यायुकचा सूर लागला.

पांनी दुसरी फाइल लावली. मग तिसरी. सगळीकडे यायुक.

"माझं?" मुर्सिनाह कुजबुजली.

"दोन्ही सारख्याच होत्या. मी ऐकून बघितलं."

"कुठवर ऐकलंत?"

"सुरुवात ऐकली."

"सुरुवातीला मी नसतेच," ती म्हणाली.

कॉफी आणू का, पांनी विचारलं. तिनं मान हलवली, आणा. ते गेले. कार्यक्रम संपून शेवटची गाँग होईपर्यंत ती तशीच बसून राहिली. गाणं चालू असताना उठून जायची तिला सवय नव्हती.